काळ्या कोटातला विश्राम

माणसाने आयुष्यभर दुनियेचे फोटो काढावेत आणि मेल्यावर भिंतीवर लावायला त्याचा स्वतःचा एक धड फोटो मिळू नये, ह्याला काय म्हणायचं? मी तर कपाळावर हात मारून घेतला.

विश्राम, माझा नवरा, गेल्या वर्षी गेला. त्या धावपळीत माझ्या दिराने, सौमित्रने, आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला आणि तोच फ्रेम करून सासूसासऱ्यांच्या शेजारी लावला. पोलिसांना हवा असलेला माणूस दिसतो तसा दिसतो त्यात. येणारेजाणारे हात जोडतात आणि लगेच नजर वळवतात. आता वर्षश्राद्ध तोंडावर आलं, तेव्हा मी सौमित्रला फोनवर ठणकावून सांगितलं, “ह्या चेहऱ्याला मी पुन्हा हार घालणार नाही. दुसरा शोधते.” तो तिकडे कोपरीतल्या आपल्या घरी बसून म्हणाला, “वहिनी, उगाच त्रास नका करून घेऊ.” त्याला काय जातंय म्हणायला!

खरं कारण मी त्याला सांगितलंच नाही. मला विश्रामचा चेहरा आठवेनासा झालाय. आवाज आठवतो, खोकला आठवतो, चप्पल घासत जिना चढायचा ते आठवतं. पण डोळे मिटले की चेहऱ्याच्या जागी काळा कॅमेरा आणि त्याच्यावर टक्कल, एवढंच येतं. एवढ्या वर्षांचा संसार आणि एका वर्षात चेहरा पुसला जातो? मी घाबरले. ह्याच्यासाठी डॉक्टरकडे जायचं असतं की कुठे, तेही कळेना.

वल्लरीला, म्हणजे आमच्या मुलीला, विचारलं. ती रॉटरडॅमला असते. तिच्या फोनमध्ये बाबा होते, पण एकात तोंडात घास, एकात पाठ, एकात डोळ्यांवर गॉगल. “आई, व्हिडिओ कॉलवर त्यांचं नुसतं कपाळच यायचं गं,” ती म्हणाली. दोघी हसलो. मग तिला मीटिंगला जायचं होतं. लग्नाचा अल्बम आहे, नाही असं नाही. पण त्यात भरघोस केसांचा एक पोरगा आहे. त्याच्याशी माझी तेव्हा धड ओळखही नव्हती. मला शेवटचा विश्राम हवा होता, म्हातारा, माझ्यावर करवादणारा.

म्हणून दुपारची कामं उरकली की मी त्याचा कॉम्प्युटर लावून बसायला लागले. बाई गं, काय काय काढून ठेवलंय ह्या माणसाने! दाराची कडी, तुळशीचं पान, समोरच्या गॅलरीतली घोरपडीसारखी पसरलेली पाण्याची पाइप. माणूस म्हणून नाही कुठे. माणसं हलतात, हे त्याचं म्हणणं.

ह्या हलण्यावरून आमची किती भांडणं झाली असतील! निवृत्त झाल्यावर त्याने एक चांगला कॅमेरा घेतला. त्यात एक सोय होती. एकाच्या ऐवजी पुष्कळ फोटो घ्यायचे आणि कॅमेऱ्याने ते आतल्या आत जुळवून एकच भला मोठा, बारीकसारीक दाखवणारा फोटो करायचा. ते करायचे दोन प्रकार. एक हातात धरून, एक ट्रायपॉडवर. हातात धरला की आपला हात जरासा थरथरतो, त्या थरथरीचाच कॅमेरा उपयोग करून घेतो. ट्रायपॉडवर कॅमेरा स्वतःच आतला सेन्सर केसभर सरकवतो आणि फोटो घेत जातो. हा दुसरा फोटो जास्त बारकाईचा. मात्र तेवढ्या वेळात समोर काही हललं, की तिथे शिडीसारख्या रेघा येतात आणि सगळं मुसळ केरात.

आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार असं ठरलं, तेव्हा सगळ्या चुलत भावंडांना घरातल्या वाडवडिलांच्या फ्रेमच्या कॉपी हव्या झाल्या. विश्रामला तेवढंच हवं होतं. समोरच्या खोलीत ट्रायपॉड लागला. आमची बिल्डिंग मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीतली, जुनी. खालचा पंप लागला तरी वर फरशी गुणगुणते. मग हा खाली जाऊन वॉचमनला पंप बंद ठेवायला सांगून यायचा. पंखा बंद. कुकर लावायचा नाही. मी मागे कॉटवर बसलेली, आणि मला हुकूम, “सुमे, हलू नकोस.”

“अरे, मी कुठे फोटोत आहे?”

“जमीन हलते.”

“मी काय हत्तीण आहे? आणि हातात धरून काढ ना मग. तुझा हात हललेला चालतो, मी काय घोडं मारलंय?”

ह्यावर तो नुसतं ओठांवर बोट ठेवायचा. त्याला बोललं तरी हललं असं वाटत असावं.

तर सांगत होते, कॉम्प्युटरमध्ये ‘बाद’ नावाचं एक फोल्डर सापडलं. त्यात सासऱ्यांच्या फ्रेमचे फोटो होते. सासरे रेल्वेत टीसी, फ्रेममध्येही काळ्या कोटात. बाद का केले ते लगेच कळलं. फ्रेमची काच चमकत होती आणि काळ्या कोटावर आमची खोली उमटली होती. नंतर त्याने काच काढून सगळं पुन्हा केलं, ते मला आठवत होतं.

पहिले फोटो हातात धरून काढलेले. मी ते मोठे करून पाहिले. सासऱ्यांच्या कोटात एक माणूस उभा, दोन कोपरं बाहेर काढलेली, आणि चेहऱ्याच्या जागी काळा कॅमेरा. वर टक्कल. मी जे डोळे मिटून बघत होते, तेच. मला असा संताप आला! “इथेही लपलास?” मी मोठ्याने म्हणाले. घरात कोणी नव्हतं, त्यामुळे ते फार मोठ्याने झालं. शेजारच्यांनी टीव्ही बारीक केला. मी कॉम्प्युटर बंद करून टाकला आणि त्या दिवशी जेवलेच नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला. त्याच फोल्डरमध्ये पुढे ट्रायपॉडवरचे होते. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ट्रायपॉडवर कॅमेरा डोळ्याला लावावा लागत नाही! बटण दाबायचं आणि बाजूला व्हायचं. कॅमेरा आपला तिपाईवर एकटा उभा, आणि त्याच्या शेजारी विश्राम. अख्खा. मी मोठा करत गेले, करत गेले, आणि फोटो फुटेना. जरा मऊ होता, पण मिशीत अडकलेला पांढरा केससुद्धा कळत होता. जमीन हलू नये म्हणून त्याने श्वास कोंडून धरला होता. गाल फुगलेले, भुवया वर, पाण्यात बुडी मारलेल्या पोरासारखा. हा! हाच माझा नवरा. मी स्क्रीनला हात लावून रडले, आणि ते फुगलेले गाल बघून मध्येच हसायलाही आलं. काय ध्यान होतं ते!

आपल्याला नको असलेले फोटो तो तिथल्या तिथे उडवायचा. हे का ठेवले? विसरला असेल. मी उगाच अर्थ काढत बसणार नाही.

पेन ड्राइव्ह घेऊन मी तानाजीकडे गेले. मानपाडा रोडवर त्याचा स्टुडिओ आहे, माझ्याच वयाचा माणूस आहे. विश्रामचे प्रिंट नेहमी तोच काढायचा. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “वहिनी, म्हणजे टीसी साहेबांच्या कोटातून साहेबांना बाहेर काढायचं!” त्याने चेहरा आणि खांदे धरून चौकट आखली, उजेड वाढवला. विश्राम तिथे उजळून वर आला. तानाजीचेही डोळे भरले.

“फक्त हा एक डाग आहे बघा,” तो म्हणाला, “खांद्यामागे. शिडीसारख्या रेघा आल्यात, केशरी न् हिरव्या. हा पुसून टाकतो.”

मी चष्मा पुसून पाहिलं. केशरी माझी साडी. हिरवी माझ्या मांडीवरची मेथी. मी कॉटवर बसून मेथी निवडत होते. मला गप्प बसवता येतं, हात नाही थांबवता येत. माझ्या तोंडाच्या जागी नुसत्या रेघा होत्या.

“तो डाग नाही, तानाजीभाऊ. ती मी आहे.”

त्याने माऊसवरून हात काढला. मग हळूच म्हणाला, “वहिनी, मग तर पुसायलाच हवा. ह्या फ्रेमला हार पडणार. जिवंत माणसाला हाराच्या फ्रेममध्ये घेत नाहीत.”

“तुम्हाला मी दिसले का?”

“नाही.”

“मग दुसऱ्या कोणाला दिसणार आहे? राहू द्या.”

त्याने ते राहू दिलं. फक्त प्रिंट हातात देताना म्हणाला, “साहेबांनी शेवटी मला पण फसवलं, असा फोटो कधी दाखवलाच नाही.”

वर्षश्राद्धाला सौमित्र सकाळीच आला. जुनी फ्रेम काढून त्याने नवी लावली, मागे सरून पाहिली, आणि दादाचे फुगलेले गाल बघून खो खो हसला. मग पंच्याने डोळे पुसले. हार घालताना म्हणाला, “वहिनी, मागे काय आलंय हे?”

“काचेचं काहीतरी,” मी म्हटलं.

हार नेमका त्या बाजूला झुकला. “बरं झालं, झाकलं गेलं,” म्हणत तो पानं मांडायला आत गेला. मी स्टुलावर चढले आणि हार परत मधे केला. विश्रामने काढलेल्या हजारो फोटोंत आम्ही दोघं एकत्र असलेला तो एकच आहे.