मामांची रेघ आणि माझा प्रोग्रॅम

मामा म्हणजे माझे सासरे, रामनाथ. बोईसरजवळच्या आमच्या दांडी गावात त्यांच्या हातची डाय नुसती बघून ओळखणारी माणसं अजून आहेत. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा. त्यावर दागिन्याची नक्षी उलटी कोरायची, वर पत्रा ठेवून दाबला की कर्णफूल उमटतं. अडतीस वर्षं मामांनी हे छिन्नीनं केलं. मग उजवा हात थरथरायला लागला आणि काम सुटलं. दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहायचे, ते मला बघवेना.

म्हणून शैलेशनं, माझ्या नवऱ्यानं, बोईसरच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून कोरायचं छोटं मशीन आणलं. मामांनी कागदावर नक्षी काढायची, आम्ही ती स्कॅन करायची, मशीन कोरणार. पण मशीनबरोबर आलेलं सॉफ्टवेअर चोरीचं निघालं. आठ दिवसांत त्यानं मान टाकली. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते, त्यामुळे घरात मी म्हणजे इंजिनियरच. शोधाशोध करून एक प्रोग्रॅम मिळवला. कुणा भल्या माणसानं लिहून सगळा कोड जगासाठी उघडा ठेवला होता. अडचण एवढीच की तो लिनक्सवर चालायचा आणि आमचं मशीन विंडोजशिवाय कुणाला ओळख देत नव्हतं. मग मिनजीडब्ल्यू नावाचा फुकटचा कंपायलर, म्हणजे कोडचा चालता प्रोग्रॅम करून देणारं साधन, उतरवला आणि तोच कोड विंडोजसाठी नव्यानं बांधायला बसले. दोन महिन्यांचे सगळे रविवार त्यात गेले. अखेर एकही एरर न येता प्रोग्रॅम उभा राहिला, तेव्हा मी सासूबाईंना मिठीच मारली. त्या म्हणाल्या, "बरा झाला. आता भाकऱ्या टाक."

पहिली नक्षी कमळाची होती. मशीन गुरगुरत पाच पाकळ्या कोरून गेलं, सहावीच्या मधोमध थांबलं, सुई वर उचलली आणि गप्प बसलं.

"तिथं रेघ हलली असेल, मामा," मी म्हणाले. किती सहज म्हणाले! माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मामांना ते लगेच पटलं. त्यांच्या उस्तादांची एक रीत होती. शिकणाऱ्याची रेघ बिघडली की ते बोलत नसत, नुसतं त्या जागी बोट ठेवत. मग काम तिथंच टाकून पुन्हा पहिल्यापासून.

"मशीन पन उस्तादच हाय," मामा म्हणाले. "बोट ठेवलान बग."

त्यांनी दुसरं कमळ काढलं. मशीन देठाशी थांबलं. तिसरं काढलं, डाव्या हातानं उजवं मनगट धरून. तेही अर्ध्यात थांबलं. आठवड्याभरात अशी सहा कमळं झाली. सहावं थांबलं तेव्हा मामा उठले आणि सासूबाईंना म्हणाले, "माजी रेघ गेली, प्रेमला. आता मना कागद देऊ नको." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी रडकुंडीला आले. काहीतरी करायचं म्हणून पहिलंच कमळ पुन्हा स्कॅन करून लावलं. आधी सहाव्या पाकळीत थांबलेलं मशीन आता दुसऱ्या पाकळीत थांबलं. कागद तोच, रेघ तीच.

चित्राची फाइल म्हणजे नुसती आकड्यांची रांग, आणि दर स्कॅनला ती थोडी वेगळी येते. दोन्ही फाइली उघडल्या. जिथं मशीन थांबलं, तिथं दोन्हीकडे सव्वीस हा आकडा. फाइल साधा मजकूर म्हणून उघडली, तर विंडोजवर सव्वीस दिसताच मजकूर संपला असं धरलं जातं. ही फार जुनी खूण. लिनक्सला ती माहीतच नाही, म्हणून मूळ लेखकाला कधी अडलं नव्हतं. ही फाइल चित्राची आहे, शेवटपर्यंत वाच, एवढं मी कोडमध्ये सांगायला हवं होतं. तेवढ्यासाठी मी मामांना आठवडाभर स्वतःच्या हाताचा राग करायला लावला होता. मला माझी लाज वाटली.

दुरुस्ती करून ओट्यावर गेले. "मामा, चूक माझी होती. मशीन तुमच्या रेघेमुळे थांबत नव्हतं. एकदाही नाही."

मामांनी विचारलं, "सहाई वेला?"

"सहाही वेळा."

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "पयला कमल लाव."

या वेळी मशीन देठापर्यंत गेलं आणि काम पुरं करूनच थांबलं. मामांनी डाय खिडकीपाशी नेली, भिंग लावलं, एकेक पाकळी बघत गेले. चौथीवर भिंग थांबलं.

"ही हलली हाय," ते म्हणाले.

मी पाहिलं. खरंच हलली होती. मशीननं ती थरथर जशीच्या तशी कोरली होती. माझे डोळे भरून आले.

"रडतेस कशाला?" मामा म्हणाले. "ही चूक माजी हाय. माजी हाय तर मना सुदारता येल. प्रेमला, कागद दे गो."