बोटांनी पिकवलेली कमाई

श्रमाचे फळ अल्प असणे हा दोष नव्हे. परंतु ते अल्प आहे म्हणून लाजणे, आणि लाज झाकण्यासाठी ते फुगवून सांगणे, हे हीनपणाचे लक्षण होय. शेलूबाजारच्या बबनरावांनी हे दोन्ही एकाच बैठकीत साधले.

त्यांचा मुलगा शिवम याने जीपगाड्यांच्या वेळा दाखवणारे मोबाइल ॲप एकट्याने रचले होते. ते विनामूल्य होते. तळाशी जाहिराती झळकत. कोणी त्यांवर बोट टेकवले की शिवमच्या खात्यात थोडे पैसे पडत. महिन्याची प्राप्ती तीन हजारांच्या आसपास. शिवमच्या लग्नाची बोलणी चालली असता बबनरावांनी किन्हीराजा गावच्या वधुपित्यास ती चाळीस हजार सांगितली. असत्याची खंत त्यांना नव्हती. ते खरे कसे करून दाखवावे, एवढीच चिंता होती.

मुलाला न विचारता त्यांनी पारावर आज्ञा सोडली, "शिवमचं लगन जमून राह्यलं. सारे जन जाहिराती दाबा. दाबतच राहा!"

जीपचालक जब्बार हसला. "काका, एकच सवारी दिवसभर चढ-उतर करत राह्यली, तं मले भाडं भेटते का?"

"तुले काय समजते त्यातलं? तू गिअर टाक आपला!"

गाव कामाला लागले. ज्यांनी अकोल्यापलीकडचे जग पाहिले नाही, त्यांनी परदेशी सहलींच्या जाहिराती दाबल्या. दात नसलेल्या वृद्धांनी दंतमंजनाच्या. आकडा चढताना पाहून शिवम हरखला. आपले ॲप लोकांच्या उपयोगी पडू लागले, असे त्या भोळ्याला वाटले.

पाहुणे यायच्या दिवशीच जाहिरात कंपनीचा संदेश आला: ही दाबादाबी कृत्रिम आहे, खाते कायमचे बंद, शिल्लक रक्कमही मिळणार नाही. चौकशी केली, तेव्हा कुठे शिवमला पारावरची आज्ञा कळली.

"चाळीसच सांग," बबनराव कुजबुजले. "त्यायले काय दिसते?"

मुलीला घेऊन आलेला वधुपिताही त्याच तोलाचा. मुलाने काय घडवले, हे त्याने विचारलेच नाही. "हातात किती येते?" एवढेच विचारले.

शिवमने मान वर केली. "तीन हजार येत होते. आता काईच नाई. बाबानं साऱ्या गावाले जाहिराती दाबाले लावल्या, अन् कंपनीनं खातंच बंद केलं."

बबनराव भिंतीकडे पाहू लागले. वधुपिता ताडकन उठला. "चाल योगिनी. फसवनूक हाय ही!"

योगिनी मात्र जागची हलली नाही. तिला हसू आवरेना. "बसा न बाबा. फसवलं ते त्यायच्या बाबानं. हे खोटं बोलले असते, तं मीच उठली असती." मग ती शिवमकडे वळली. "दुसरं खातं काढता येते का?"

"कंपन्या आनखी हायेत. पन एवढ्यात चाळीस नाई होनार."

"मी कवा मांगतले चाळीस?"

वधुपिता पुटपुटत पुन्हा बसला. चहा आला.

त्या मुलाची वाणी अशीच निर्भय राहो, त्या मुलीचे हास्य अक्षय असो, आणि दोन्ही पित्यांना ईश्वर सद्बुद्धी देवो.