शिलाईचं उत्पन्न

नीलमला साडीला धड फॉलही लावता येत नव्हता. तरी बेळगावच्या कौटुंबिक न्यायालयात यशपालच्या वकिलानं तिची पाच वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं पुढं ठेवली. बाई शिलाईतून वर्षाला साडेचार लाख मिळवतात, यांना पोटगी कशाला?

यशपालचा उद्यमबागेत लेथचा कारखाना. नफ्याचा एक तुकडा बायकोच्या नावावर दाखवला की तेवढ्यावर कर लागत नाही, ही युक्ती त्याला कुणीतरी शिकवलेली. जुलैत विवरणपत्र भरताना कारखान्यातून त्याचा फोन यायचा, "ओटीपी आला असंल, वाच बघू." कणकेचे हात पुसून ती आकडे वाचायची. संध्याकाळी तो मिठाईच्या दुकानातून कुंदा आणायचा. तिच्या नावच्या बँक खात्याचं कार्ड त्याच्याच खिशात असायचं. तिनं कधी विचारलं नाही.

आता ती आठवीतल्या लेकीला घेऊन निपाणीत आईच्या घरी होती. पोटगी मिळाली तर भाड्याची खोली, नाहीतर भावजयीचे टोमणे.

"हे उत्पन्न खोटं होतं, असं शपथेवर सांगावं लागेल," तिच्या वकील शाल्मली म्हणाल्या. "पण विवरणपत्र तुझ्या नावचं आहे. नोटीस तुलाही येऊ शकते. माहीत नव्हतं म्हटल्यानं सुटशीलच असं नाही."

"गप्प बसले तर?"

"तर तू कमावती. लेकीपुरतं काहीतरी मिळेल, तेवढंच."

पुकारा व्हायच्या आधी यशपालनं तिला व्हरांड्यात गाठलं.

"काय टेलरबाई! दोन लाख घे आणि मिटव. एकरकमी पोटगीवर शक्यतो कर बसत न्हाय. महिन्याची घेतलीस तर उत्पन्नात धरत्यात."

"कराचं तुमाला लई कळतं."

"म्हणून तर सांगतोय. आत तोंड उघडलंस तर मी बुडीन, पण तुलाबी घेऊन बुडीन. कारखान्याला टाळं लागलं तर पोरीला काय घालशील?"

ते तिला लागलं, कारण ते खोटं नव्हतं.

पुकारा झाल्यावर ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली.

"ही विवरणपत्रं तुमची?" यशपालच्या वकिलानं विचारलं.

"व्हय."

"ओटीपी तुम्हीच सांगितला?"

"मीच."

वकील समाधानानं खाली बसायला लागला. मागच्या बाकावर यशपालनं पाय पसरले.

"पण साहेब," नीलम न्यायाधीशांकडं वळली, "माझा ब्लाउज उसवला तरी मी गल्लीतल्या गुणाबाईंकडं टाकते. मशीनवर कधी बसले न्हाय."

"मग हे उत्पन्न कुणाचं?" न्यायाधीशांनी विचारलं.

यशपाल मान हलवून नको म्हणत होता.

"यांचं. माझ्या नावानं दाखवलेलं."

"याचे परिणाम तुमच्यावरही होतील. समजतंय?"

"समजतंय. लिहून घ्या."

न्यायाधीशांनी यशपालला कारखान्याचे आणि दोघांच्या बँक खात्यांचे कागद हजर करायला सांगितले, पुढची तारीख दिली. पोटगीचा निर्णय झाला नाही.

बसस्टँडवर निपाणीची गाडी लागलेली असताना फोन वाजला.

"नीलम, ऐक." यशपालचा आवाज एकदम मऊ झाला होता. "जुनं विवरणपत्र दुरुस्त करून भरतोय. दोघंबी सुटू. ओटीपी येईल, तेवढा वाच."

फोन कानाशी असतानाच मेसेज आला. सहा आकडे. गाडीत चढून खिडकीशी बसून तिनं ते एकदा पाहिले.

"दुरुस्तीत काय लिवलंय?"

"तुला त्यातलं काय कळतंय?"

"न्हाय कळत. म्हणून कागद शाल्मली मॅडमकडं पाठवा. त्या वाचतील, मग मी वाचते."

पलीकडं तो ओरडायला लागला. गाडी सुरू झाली. ओटीपीची मुदत संपेपर्यंत तिनं फोन तसाच मांडीवर उपडा ठेवला.