भट्टीतून वाचलेला कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. कोट म्हणवून घ्यायचं भाग्य मला फार उशिरा लाभलं. त्याआधी मी नुसता कचरा होतो.

एका मोठ्या शिवण कारखान्यात लांबलचक टेबलावर कापडाचे थर पसरले जायचे आणि कटिंग मास्तर त्यातून सदऱ्यांचे भाग कापून काढायचे. बाहीच्या मुंढ्याजवळच्या चंद्रकोरी, गळ्यातून निघालेल्या चकत्या, कॉलरच्या कडेचे त्रिकोण खाली पडायचे. ते सारे तुकडे म्हणजे मी. आमची पोती भरायची आणि संध्याकाळी ती भट्टीत जायची.

तिथे केर काढायला एक मावशी होत्या. त्यांचा झाडू मध्येच थांबायचा. वाकून एखादा तुकडा उचलायच्या, उजेडात धरून बघायच्या. एक दिवस त्यांनी मुकादमाला विचारलं, "हे घरी नेले तर चालतील?"

"न्या की! तेवढीच राख कमी."

मास्तरांना मात्र गंमत वाटायची. "काय मावशी, चिंध्यांचं राज्य उभारताय?"

"राज्य कसलं हो, कोट शिवतेय. सहाच्या पाळीला येताना हाडं गोठतात माझी."

आठ महिने मावशी घरी खिडकीपाशी बसून मला जोडत होत्या. खाली गडद निळे तुकडे, मग राखाडी, खांद्यावर जवळजवळ पांढरे. प्रत्येक जोड आतून दुमडलेला, एक दोरा लोंबता नाही. मला घालून त्या पहिल्यांदा कामावर आल्या तेव्हा शिलाईयंत्रं एकेक करून थांबली. बायका उठून मला हात लावून बघू लागल्या.

नेमके तेव्हाच नवे साहेब आले. मुकादम एव्हाना काम सोडून गेला होता.

"कापड कुठून आणलंत?"

"खाली पडलेलं, साहेब."

"खाली पडलेल्या कापडाचा असा कोट होतो? मला दूधखुळा समजता? हे ठाणातून चोरून कापलेलं कापड आहे. उद्यापासून येऊ नका."

मावशी वाद घालत बसल्या नाहीत. मला अंगातून काढून त्यांनी टेबलावर पसरलं, कात्री मागून घेतली आणि माझी डावी बाही उसवायला लागल्या. मला दुखलं असं खोटं कशाला सांगू? पण आठ महिन्यांचे टाके त्या स्वतःच्याच हाताने कापत होत्या, ते मला कळत होतं. एकेक तुकडा त्या साहेबांपुढे ठेवत गेल्या.

मास्तर पुढे आले. एक चंद्रकोर उचलून म्हणाले, "साहेब, हा माझ्या हातचा मुंढा. ही गळ्याची चकती. यात तळहाताहून मोठा तुकडा निघाला, तर यांच्याआधी मला काढा. वीस वर्षं मी हे पायाखाली तुडवत आलो आणि या बाईंनी कोंड्याचा मांडा केला!"

साहेब बराच वेळ ते तुकडे जोडून बघत राहिले. शेवटी म्हणाले, "मावशी, चुकलो मी. बाही परत शिवायला किती दिवस लागतील?"

"आठ-दहा."

"मग कामाच्या वेळेतच शिवा. याच टेबलावर."

ते टेबल मग रिकामं झालंच नाही. मावशींचं झाडू मारायचं काम कायमचं सुटलं. आणखी चार जणी येऊन बसल्या. मास्तर स्वतः तुकडे रंगांप्रमाणे वेगळे करून द्यायला लागले. पिशव्या झाल्या, रजया झाल्या, नाना तऱ्हेची जाकिटं झाली. कपड्यांची रचना शिकणारी मुलं वह्या घेऊन यायची आणि मावशींना 'मॅडम' म्हणायची. मावशी लाजून चूर व्हायच्या!

मला मात्र दाराजवळच्या काचेच्या पेटीत टांगलं. खाली पाटी होती, 'हात लावू नये'. सुरुवातीला मी फुगून गेलो. पुढे लोक न बघताच जाऊ लागले. उन्हाने माझा उजवा खांदा विटला, टांगल्या जागी कापड विरलं.

बऱ्याच वर्षांनी, गुडघ्यांमुळे घरी बसलेल्या मावशी नातीला घेऊन कारखाना दाखवायला आल्या. पेटीपुढे थांबल्या आणि त्यांनी किल्ली मागितली.

"अहो, ठेवणीतली वस्तू आहे ती," कुणीतरी म्हणालं.

"कोट आहे तो. घाल गं."

तेव्हापासून मी बाह्या दुमडून नातीच्या अंगावर गावभर हिंडतो. परवा सायकलच्या साखळीत अडकून माझी कड फाटली. नात रडवेली झाली. मावशींना आता सुई ओवता येत नाही, म्हणून तिनेच आपल्या आखूड झालेल्या फ्रॉकचा पिवळा तुकडा मला लावला. मावशींनी त्यावरून बोट फिरवलं.

"शिवण वाकडी आहे. पण घट्ट आहे हो!"

तर मित्रांनो, घरात काही फाटलं, विटलं, आखूड झालं असेल, तर टाकण्याआधी एकदा मांडीवर घेऊन बघा. त्याचं काय करावं हे लगेच सुचणार नाही. सुचलं तरी बोटाला सुई टोचेल. तरी शिवा. आणि शिवून झालं, की माझ्यासारखं काचेत टांगू नका. घाला.