धारेचं पातळ

रिकामी बादली ओट्यावर आदळत मच्छिंद्र बायकोला म्हणाला, “पुन्हा लाथ मारली गं तिनं. आज तिसरा दिस. कास दगडावानी झालीया.”

खाटेवर उताणी पडलेली तुळजाबाई उठायला गेली आणि बेंबीपाशी अशी कळ आली, की तोंडातला शब्द तोंडातच राहिला. परवा शिरूरला तिची पित्ताची पिशवी दुर्बिणीतून काढली होती. काल घरी सोडलं. पोटावर चार छोट्या पट्ट्या, बाकी काही नाही. सकाळपासून बघायला येणाऱ्या बाया “एवढंच व्हय?” म्हणत होत्या आणि तिलाच उगीच चोरट्यासारखं होत होतं. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर उकिडवं बसायचं नाही, बादली उचलायची नाही. मग म्हशीची धार काय उभ्यानं काढायची?

सगुणा म्हैस होतीच तशी हट्टी. या वेताचं रेडकू दगावल्यापासून तुळजाबाईखेरीज कुणाच्या हाताला तिनं पान्हा सोडला नव्हता. सगळ्या इनामगावात त्याचं कौतुक होतं आणि, खोटं कशाला बोला, तुळजाबाईला त्याचा अभिमान होता. स्वयंपाक आता सून सायली तिच्याहून चांगला करायची. शेताचं मच्छिंद्र बघायचा. तिच्यावाचून अडेल अशी घरात ही एवढी एकच गोष्ट उरली होती.

“सड गेले तर म्हैस गेलीच म्हन,” मच्छिंद्र म्हणाला. “उद्या व्यापाऱ्याला बोलावतो.”

“माझी सगुणा इकायची न्हाई!”

तुळजाबाई भिंत धरून उठली. सायली नको नको म्हणत असतानाच गोठ्यापर्यंत गेली. तिला बघताच सगुणा रेकली आणि सडातून दोन थेंब आपोआप गळले. तुळजाबाई खाली बसायला वाकली मात्र, डोळ्यांपुढं अंधारी आली. दोघांनी धरून तिला पुन्हा खाटेवर आणून घातलं.

“ती मला बोलावतीया आन् मी हितं ओंडक्यावानी पडलीया,” म्हणत ती लहान पोरीसारखी रडली. रडतानाही पोट दुखत होतं, म्हणून धड रडताही येईना.

सायली जरा घुटमळली. “मामा, आत्यांचं धारेचं पातळ खुंटीला हाय. तुमी नेसून बसा की. वासानं फसंल ती.”

सोसायटीचे माजी चेअरमन, पीळदार मिशीचे मच्छिंद्रराव बघतच राहिले. मग त्यांनी बायकोकडं पाहिलं आणि मुकाट्यानं खुंटीवरचं पातळ ओढलं.

दारातून मागं वळून तो म्हणाला, “तू तिच्याशी काय पुटपुटत असतीस गं?”

कुणालाच सांगता आलं नाही ते सगळं तुळजाबाईनं सगुणाला सांगितलं होतं, आणि त्यातलं निम्मं याच माणसाबद्दल होतं. “काय न्हाई. नुसतं ‘हां बाय, हां’ म्हना.”

गोठ्याचं दार आतून लागलं. आधी एक शिवी ऐकू आली. मग घोगऱ्या आवाजात “हां बाय, हां.” सायलीनं तोंडाला पदर लावला. आणि मग बादलीत धार वाजली. आधी बारीक, मग दणदणीत.

तीन दिवस याच आवाजासाठी तुळजाबाईनं भैरोबाला हात जोडले होते. आता तो आला आणि तिला तो ऐकवेना. सगुणा फसली होती. किती सहज फसली!

“सोडला बघ पान्हा!” पदर सावरत मच्छिंद्र भरली बादली घेऊन आला. “आता म्हैनाभर तू उठायचं नाव काढू नको.” तो मायेनंच बोलत होता.

सायली पातळ धुवायला घेऊन निघाली, तशी तुळजाबाई म्हणाली, “धुऊ नको गं. सकाळी यास्नी पुना नेसायचंय.”

तिनं ते जवळ घेऊन हुंगलं. त्याला एवढ्यातच मच्छिंद्रच्या तंबाखूचा वास लागला होता. मग तिनं ते उलगडलं आणि गळ्यापर्यंत ओढून पांघरून घेतलं. सकाळच्या धारेपर्यंत त्यात तिचा वास पुन्हा मुरायला हवा होता.