सातशे वर्षांची सलामी

रोक्कासेर्वा या इटालियन गावाच्या नगरपालिकेने प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसाविरुद्ध ठराव करण्याचे ठरवले, आणि त्यासाठी गावाला सातशे वर्षांची परंपरा हवी होती, शुक्रवार सकाळपर्यंत.

ती पुरवण्याचे काम एर्सिलिया बोंफान्ती यांच्याकडे आले. त्या इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका. गावच्या दप्तरखान्यातले प्रत्येक जीर्ण चोपडे त्यांनी वाचलेले. नगरसेवक ग्वाल्तिएरो यांनी दाखला लिहूनच आणला होता : सेत्तिमिओ खाटकाची बडीशेप घातलेली सलामी, म्हणजे आतड्यात भरून वाळवलेले डुकराचे मांस, इ.स. १३२७पासून अखंड चालत आली आहे.

"प्रोफेसोरेसा, फक्त सही. पूर्वजांचं ताट वाचवायचंय आपल्याला."

"पूर्वजांचं ताट मी पाहिलंय. त्यात सलगम होते. १३२७ साली इथे डुकराच्या मांसाची एकच नोंद आहे : सडकं विकलं म्हणून एकाला झालेला दंड."

"म्हणजे मांस होतं तर!" ग्वाल्तिएरो यांचा चेहरा उजळला.

ठरावाला एर्सिलियाबाईंचा विरोध नव्हता. साऱ्या जगाचे जेवण चार कंपन्यांच्या टाक्यांत वाढावे, हे त्यांनाही अमान्यच होते. चीड होती ती खऱ्याच्या रखवालीला खोटे बसवण्याची. टाकीतल्या मांसाची जन्मतारीख निदान खरी असते. पण सही नाकारावी, तर भर सभेत सेत्तिमिओचे हसे होणार. प्राथमिक शाळेत तो त्यांच्या बाकावर बसत असे, आणि दुकानावर आता '१३२७पासून' अशी पाटी होती. एवढा जुना मित्र आपल्या हातून खोटा ठरावा, या विचाराने त्यांच्या घशाखाली घास उतरेना.

गुरुवारी सकाळी त्या दुकानात गेल्या. सेत्तिमिओ कोपरापर्यंत मांस मळत होता. मिश्रण आतड्यात भरण्यापूर्वी त्यातला घास तव्यावर भाजून बाहेरच्या माणसाला द्यायचा आणि त्याने खरे तेच सांगायचे, ही इथली रीत. भिडेखातर 'छान' म्हणणाऱ्याला पुन्हा कोणी बोलावत नाही.

"मीठ?" त्याने विचारले.

"मीठ बरोबर आहे. वर्षं जास्त झालीत."

सेत्तिमिओचे हात थांबले. "किती काढू?"

"तुला ठाऊक आहेत तेवढीच ठेव."

तो मटकन स्टुलावर बसला. "म्हणजे तुला कागदात काही सापडलं नाही?"

"काय सापडणार होतं?"

"अगं, एकोणीसशे त्रेपन्न! आईने पहिल्यांदा केली तेव्हा मी सात वर्षांचा. मिरी परवडेना, म्हणून बांधावरची रानबडीशेप मीच खुडून आणली. पाटी त्या ग्वाल्तिएरोने ठोकली. म्हणाला, प्रोफेसोरेसा सही करणार आहेत. मला वाटलं, एवढी शिकलेली बाई खोटं कशाला बोलेल? म्हणजे 'माझीच कृती' अशी आईनेच थाप मारली असणार! आठवडा झाला, तिच्या फोटोकडे बघवत नाही मला."

"गाढवा, मला विचारायचं नाही का?"

"तू कुठे विचारलंस? शाळेतही अशीच होतीस. उत्तर पाठ असायचं, पण हात वर करायची नाहीस."

एर्सिलियाबाईंना हसू फुटले आणि आवरेना. उभ्या उभ्याच त्यांनी आणखी दोन घास मागून खाल्ले.

शुक्रवारी सेत्तिमिओने सारी हकिगत सभेत स्वतःच सांगितली, आईच्या नावासकट. लोक हसले, पण त्याला नव्हे. मागच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या तर त्या आईच्या, अदाल्जिसाच्या, हातची पहिली सलामी कुणी खाल्ली यावरून तिथेच भांडू लागल्या. ठराव एकमताने मंजूर झाला, दाखल्यात '१९५३' घालून.

"प्रोफेसोरेसा," ग्वाल्तिएरो कानाशी कुजबुजले, "निदान 'त्याही आधीपासून' एवढं तरी?"

"नाही," एर्सिलियाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आपले पूर्ण नाव, एकही अक्षर न गाळता, सावकाश लिहिले.