दाराच्या मापाची गिटार

आमच्या ह्यांना तोंड दिलंय ते जेवायला आणि कुरकुर करायला. "चुकलो" एवढं म्हणायला काय धाड भरते, कोण जाणे.

तीन वर्षांपूर्वी लेक परीक्षेत नापास झाली आणि ह्यांनी रागाच्या भरात तिची गिटार भिंतीवर आपटली. तुकडे झाले. पुढच्याच महिन्यात ती मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली, नोकरीला लागली. मला रोज फोन करते, बापाशी एक अक्षर नाही. यंदा तिच्या वाढदिवसाला तासाभरासाठी येते म्हणाली, तेव्हा मी ह्यांना हात जोडून सांगितलं, दोन शब्द बोला आणि मोकळे व्हा. तर हे म्हणे, गिटार करून देतो. घ्या.

आता हे सुतार. जन्मभर दारं आणि कपाटं केली, वाद्याच्या वाटेला कधी गेले नाहीत. दोन महिने नुसता उच्छाद. डाळीत भुसा, अंथरुणात भुसा. लाकूड चिकटवायचा सरस गरम केला तो माझ्या दुधाच्या पातेल्यात. ते पातेलं गेलंच. शेवटी मीच ह्यांना वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे पिटाळलं. त्याने चांगलं बजावलं होतं, वरची फळी अगदी पातळ ठेवा, ती थरथरली तरच आवाज निघतो. ह्यांनी मान डोलावली आणि घरी येऊन चांगली बोटभर जाड फळी बसवली. मी बडबड बडबड बडबडले. पण ऐकतील तर शपथ.

लेक आली. ह्यांनी एक शब्द न बोलता गिटार तिच्या हातात दिली. वजनाने तिचा हात खालीच गेला. तिने तार छेडली, तर कपाटावर थाप मारावी तसा ठप्प आवाज. पुन्हा छेडली, पुन्हा तेच. आता ही पाठ फिरवते आणि कायमची जाते, एवढंच माझ्या डोक्यात. मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

"हिला आवाजच नाही," ती म्हणाली. "एवढी जाड कशाला केलीत?"

हे उगाचच दाराची बिजागरी चाचपत उभे. मी ह्यांची अक्कल काढायला तोंड उघडलं होतं.

"पुन्हा आपटली तर फुटू नये म्हणून," हे म्हणाले. "माझ्या रागाचा मलाच भरवसा नाही."

दोन महिने मी ह्यांना हट्टी म्हटलं, अडाणी म्हटलं. कपाळ माझं.

लेक खाली बसली आणि एकेक तार सैल करायला लागली.

"रंधा आणा, बाबा. पातळ करू."

"पातळ केली तर फुटेल."

"मग आपटू नका," ती म्हणाली.

हे रंधा आणायला मागच्या खोलीत गेले, ते कितीतरी वेळ बाहेर आलेच नाहीत.